तेच ते पुन्हा कोणी वाजवायचं? 'स्पिरिट ऑफ ईडन'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हापासून डोक्यात घोळतेय. चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण तुम्ही अल्बम दोनदा अथपासून इतिपर्यंत ऐकून मग लिहिलंय. एवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही. तेव्हा मीही नीट बसून लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. टॉक टॉक या इंग्लिश बँडच्या १९८८ सालच्या 'स्पिरिट ऑफ ईडन' या अल्बमवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. हा अल्बम पहिल्या फटक्यात हाती लागत नाही, सात-आठ वेळा ऐकल्यावर उलगडायला लागतो आणि मग सुटत नाही, असं माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "दहा वेळा ऐकलं की काहीही आवडायला लागतं, त्यात अल्बमचं काय कर्तृत्व?" पुढे, "चांगलं गाणं पहिल्यांदाच भिडतं, त्याचा अभ्यास करावा लागत नाही." विलंबित ख्यालाशी मी केलेली तुलना तुम्हाला वरवरची वाटली. आणि "ज्यांना धीर नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये" हे माझं वाक्य उर्मट वाटलं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. ते वाक्य उर्मटच होतं. मी ते काढून टाकलंय आणि तुमची माफी मागतो. ते खोटंही होतं, कारण धीर मलाही नव्हता.

मी हा अल्बम घेतला तो याच बँडच्या आधीच्या अल्बमच्या, 'द कलर ऑफ स्प्रिंग'च्या प्रेमापोटी. त्याची कॅसेट मी झिजवली होती. पुण्यात एका दुकानात स्वस्तात काढलेल्या सीड्यांच्या ढिगात 'स्पिरिट ऑफ ईडन' दिसली, वरचं चित्र आवडलं (पाण्यातून वर आलेलं झाड, अंगाखांद्यावर शंख-शिंपले आणि पक्षी), आणि घेऊन आलो. भाड्याच्या खोलीत पंखा फुल्ल चालू. सीडी लावली आणि काहीच ऐकू येईना. सिस्टिम बिघडली की काय म्हणून आवाज वाढवला. तरी नुसती कुठूनतरी लांबून येणारी एक ट्रम्पेट आणि खाली काहीतरी घुमल्यासारखं. आणखी वाढवला. दोन मिनिटं उलटून गेल्यावर एकदम गिटार आली, पाठोपाठ ड्रम आले, आणि खालून घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या. तो अल्बम मी त्या दिवशी पुरता ऐकलाही नाही. पुढचे चार महिने ती सीडी कपाटावर पडून होती.

मग मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणात, वाचलं की डोळे दुखायचे, आणि भावाने उशाशी सीडी प्लेअर आणि हाताला लागल्या त्या तीन सीड्या ठेवलेल्या. त्यात ही एक. दुसऱ्या दोनपैकी एक तर तेव्हा माझा जीव की प्राण होती. दुपारी घर शांत झालं की मी तिन्ही आळीपाळीने लावायचो.

इथे तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर येतं. तिन्ही सीड्या मी साधारण सारख्याच वेळा ऐकल्या. तिसऱ्या आठवड्यात ती जीव की प्राण असलेली सीडी मला लावावीशीच वाटेना. तिच्यातला प्रत्येक कोपरा पाहून झाला होता. दुसरी जिथल्या तिथे राहिली, आवडली नाही आणि नावडलीही नाही. 'स्पिरिट ऑफ ईडन' मात्र रोज थोडी थोडी उघडत गेली. नुसत्या ऐकण्याच्या संख्येने आवडत असतं तर तिन्ही आवडायला हव्या होत्या. आणि गणपतीच्या दहा दिवसांत मंडपाच्या कर्ण्यावरून जी गाणी आपण शंभर वेळा ऐकतो, ती आपल्याला पाठ होतात. त्यातली किती आपण अकराव्या दिवशी घरी स्वतःहून लावतो?

तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली हेच दाखवून दिलं होतं: निरर्थक शब्द, चिनी अक्षरांसारखी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो, लोकांना जे जास्त वेळा दाखवलं ते त्यांना जास्त बरं वाटलं. ओळखीचं ते आपलं वाटतं, हे खरंच. पण ही ओळख सगळ्याच गाण्यांना फुकट मिळते. काही गाण्यांवर ती पाचव्या खेपेला विटून जाते आणि काहींवर पाचव्या खेपेलाच धरायला लागते. हा फरक ऐकणाऱ्याच्या सवयीतून येत नाही, तो गाण्याच्या बांधणीतून येतो. आणि बांधणीबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय, कारण मूळ लेखात मी नेमकं तेच बोललो नव्हतो. तिथे मी नुसता भारावून गेलो होतो.

"चांगलं गाणं पहिल्यांदाच भिडतं." मी दोन दिवस या वाक्याशी झटतोय. एक उदाहरण घेतो, त्याच बँडचं, म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न येणार नाही. 'द कलर ऑफ स्प्रिंग'वरचं 'लाइफ्स व्हॉट यू मेक इट' मला पहिल्यांदाच आवडलं होतं, तुम्हालाही आवडतं असं तुम्ही लिहिलंय. त्यात पियानोवर डाव्या हाताची एक जड, खालच्या पट्टीतली सुरावट आहे. ती सुरुवातीला येते आणि शेवटपर्यंत हलत नाही. ड्रमचा ठोकाही तसाच. ओळ त्यावर पुन्हा पुन्हा येते. साडेचार मिनिटांचं गाणं संपतं तेव्हा ती सुरावट तुमच्या कानावर किती वेळा पडलेली असते मोजून बघा. म्हणजे पहिल्यांदाच आवडलेलं ते गाणं तुम्ही पहिल्या खेपेतच कित्येक वेळा ऐकलेलं असतं. पुन्हा पुन्हा ऐकवण्याचं काम गाण्याने स्वतःच करून टाकलंय. यात कमीपणा काहीच नाही, पॉप गाणं असंच बांधतात आणि ते गाणं उत्तम बांधलंय.

'स्पिरिट ऑफ ईडन'मध्ये हे काम गाणं करत नाही. धृपद अगदीच नाही असं नाही. 'डिझायर'मध्ये तो स्फोट दोनदा होतो, 'आय बिलीव्ह इन यू'मध्ये गायकवृंदाची ती जागा परत येते. पण एकूण एक्केचाळीस मिनिटांत हाताला धरून परत त्याच दारापाशी आणून सोडणारं फार थोडं आहे. एक ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) येते, सहा सुरांत काहीतरी म्हणते आणि निघून जाते, ती परत येतच नाही. मग पुन्हा ऐकण्याचं काम उरतं ते आपल्याकडे. सातव्या खेपेला अल्बम आवडतो याचा अर्थ मला आता असा लागतो की सात वेळा ऐकल्यावर आपण त्या ओबोला पुरेशा वेळा भेटलेलो असतो, जसे त्या पियानोला एका खेपेतच भेटलो होतो.

विलंबित ख्यालाची माझी तुलना फसली तीही नेमकी इथेच, आणि ते तुम्ही बरोबर पकडलंत. मी फक्त संथपणा पाहिला होता. ख्यालात मुखडा प्रत्येक आवर्तनाला परत येतो, समेवर येतो, ठेका अखंड चालू असतो. राग न ओळखणारा माणूसही अर्ध्या तासात तो मुखडा गुणगुणायला लागतो. तिथे गवई श्रोत्याला पुन्हा पुन्हा घरी आणून सोडतो. या अल्बममध्ये ती सोय नाही. संथ दोन्ही आहेत, पण दोन्हींचा स्वभाव उलटा आहे. तुलना मागे घेतली.

आता हे असं का झालं, ते अल्बम कसा तयार झाला त्यात आहे. 'द कलर ऑफ स्प्रिंग' चांगला खपला होता, त्यामुळे हाती पैसा होता आणि कोणी घाई करत नव्हतं. १९८७ साली मंडळी लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत गेली. ही इमारत मुळात चर्चचा हॉल. तिथे जवळजवळ वर्षभर काम चाललं, बहुतेक अंधारात. ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांनी नंतर सांगितलंय की दिवे घालवलेले असायचे आणि भिंतींवर तेलाच्या प्रोजेक्टरचे रंग फिरत असायचे. बँडचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन बाहेरचे वादक बोलवायचे. डबल बासवर डॅनी थॉम्पसन, व्हायोलिनवर नायजेल केनेडी, ट्रम्पेटवर हेन्री लाउदर, हार्मोनिकावर मार्क फेल्थम, शिवाय ओबो, क्लॅरिनेट, बासून. त्यांना स्वैर वाजवायला सांगायचे. तासन्‌तास वाजवलेलं रेकॉर्ड व्हायचं आणि मग त्यातला एखादा तुकडा, कधी दोन-चारच सूर, उचलून भलत्याच ठिकाणी बसवला जायचा. बाकीचं टाकून द्यायचं.

म्हणजे त्या ओबोवाल्याने ते सहा सूर त्या गाण्यासाठी म्हणून योजलेलेच नसतात. ते त्याच्या हातून सहज गेलेले असतात आणि कोणीतरी महिन्याभराने त्यांना जागा करून दिलेली असते. हे कळल्यावर मला पहिल्या खेपेची माझी अवस्था समजली. कान पुढची जागा हेरत असतो आणि इथे पुढची जागा हेरता येतच नाही, कारण वाजवणाऱ्यालाही ती ठाऊक नव्हती. चौथ्या-पाचव्या खेपेला ती जागा आपल्याला ठाऊक होते. मग गंमत अशी होते की सहज निसटलेला सूर आपण आधीपासून वाट बघत ऐकायला लागतो. तो तेवढाच सहज राहतो आणि तरी हवासा होतो.

हॉलिस मुलाखतींमध्ये म्हणायचा की दोन सूर वाजवण्याआधी एक सूर वाजवायला शिका, आणि तोही कारण असल्याशिवाय वाजवू नका. हे बोलायला सोपं आहे. त्याने ते एक्केचाळीस मिनिटं पाळून दाखवलं.

एक जागा जवळून दाखवतो. पहिलंच गाणं, 'द रेनबो'. ती लांबची ट्रम्पेट ओसरल्यावर गिटार येते, ब्लूजच्या चालीने पाय ओढत. थोड्या वेळाने एक भेसूर, फाटलेला आवाज त्यावर चढतो. कित्येक वर्षं मी त्याला इलेक्ट्रिक गिटार समजत होतो, कोणीतरी अँप फाटेस्तोवर वाढवलाय असं. तो फेल्थमचा हार्मोनिका आहे. एकदा हेडफोनवर ऐकताना मला त्या आवाजाच्या टोकाला श्वास ऐकू आला. माणसाचा, आत ओढलेला. तेव्हा कळलं की हे तारेचं वाद्य नव्हे, तोंडाचं आहे. तेव्हापासून ती जागा मला कधी पहिल्यासारखी ऐकू आलेली नाही. आधी ती संताप वाटायची, आता ती धाप वाटते. सूर तेच आहेत. मला जर तुम्ही विचाराल की पुन्हा पुन्हा ऐकून नेमकं काय मिळालं, तर मी हा श्वास दाखवीन. सवयीने आवडणाऱ्या गाण्यात असं काही सापडत नाही.

दुसरी जागा 'इन्हेरिटन्स'मधली. गाणं चालता चालता मध्येच ओसरतं आणि फुंकवाद्यं एकत्र येतात, ओबो, क्लॅरिनेट, बासून, कॉर आंग्ले. जरा वेळ आपण रॉक अल्बम ऐकतोय याचा विसर पडतो. काविळीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, आई स्वयंपाकघरात ताकाचा ग्लास विसळत होती आणि ही जागा आली, आणि ग्लासाचा आवाज त्यात असा मिसळला की मला वाटलं तो रेकॉर्डमध्येच आहे. मी सीडी मागे नेऊन पुन्हा लावली. नव्हता. पण त्या दिवसापासून तो अल्बम माझा झाला.

तुमच्या ऐकण्याबद्दल एक बोलू? तुम्ही लिहिलंय की एकदा लोकलमध्ये इअरफोनवर ऐकला आणि एकदा घरी काम करता करता. तुमची काही चूक नाही, आज सगळे असंच ऐकतात, मीही. पण या अल्बमचा निम्मा भाग आवाजाने इतका खाली आहे की लोकलच्या खडखडाटात तो शब्दशः उरतच नाही. आजचं बहुतेक रॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे ते ट्रेनमध्येही ऐकू येतं. 'डिझायर'मध्ये मात्र कुजबुजीएवढा ऑर्गन आणि हॉलिसचं पुटपुटणं चालू असतं आणि क्षणात ड्रम, गिटार, सगळं छतापर्यंत जातं. ट्रेनमध्ये तुम्हाला फक्त छत ऐकू आलं असणार, आणि मग "मधूनच ओरडतात" असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माझ्या पंख्याखाली माझं तेच झालं होतं. तुम्ही खरं तर हा अल्बम अजून दोनदा ऐकलेला नाही, अर्धा अर्धा करून एकदाच ऐकलाय. हे टोमण्याने म्हणत नाही.

शब्दांबद्दलही तुम्ही लिहिलंय, की एक अक्षर कळत नाही. खरं आहे. सीडीसोबत गाण्यांचे शब्द हॉलिसच्या स्वतःच्या हस्ताक्षरात छापलेले होते आणि तेही लावून वाचावे लागायचे. ते वाचल्यावर 'आय बिलीव्ह इन यू' हेरॉइनच्या विळख्याबद्दल आहे हे मला कळलं. बँडचा ड्रमर ली हॅरिस, त्याचा ड्रम त्या गाण्यात एकाच चालीत चालतो, चढत नाही, उतरत नाही, आणि वर चेम्सफर्ड कॅथीड्रलचा गायकवृंद. शब्द कळण्याआधी मला ते गाणं शांत वाटायचं. कळल्यावर त्या शांततेची भीती वाटायला लागली. आजही मी ते गाणं एकटा असताना फारसं लावत नाही.

खपाचा मुद्दा. तुम्ही म्हणता, "त्यांच्या कंपनीलाही तो पटला नव्हता." पटला नव्हताच. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो १९व्या क्रमांकापर्यंत गेला, पण बँडने दौरा करायला नकार दिला, कारण तासन्‌तासांतून वेचलेलं हे संगीत मंचावर परत उभं करता येणार नव्हतं. करारावरून त्यांची कंपनी ईएमआय आणि बँड कोर्टात गेले, बँड त्यातून सुटला आणि पुढचा अल्बम 'लाफिंग स्टॉक' १९९१ साली पॉलिडोरच्या व्हर्व्ह लेबलवर आला. नंतर पोस्ट-रॉक (रॉकची वाद्यं, पण पॉप गाण्याची नेहमीची बांधणी सोडलेली) म्हणून जे काही ओळखलं जाऊ लागलं त्याचं मूळ लोक या दोन अल्बममध्ये शोधतात. पण मी हे पुरावा म्हणून सांगत नाही. कंपनीला न पटणं हा जसा अल्बमचा दोष नाही, तसा तो गुणही नाही. हॉलिसने १९९८ साली एक एकट्याचा अल्बम केला, त्याहूनही शांत, आणि मग संगीत सोडून घरी राहिला. फेब्रुवारी २०१९मध्ये तो गेला, चौसष्टाव्या वर्षी. त्या रात्री मी 'स्पिरिट ऑफ ईडन' लावला आणि तो आवडायला लागल्यापासून पहिल्यांदाच मध्ये बंद केला.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. मी तेव्हा पैसे मोजून सीडी घेतली होती आणि आजारी होतो, म्हणून अडकलो. तुमच्या फोनवर सगळ्या जगाचं संगीत एका बोटावर आहे. न आवडलेल्या गोष्टीला सहा वेळा परत भेटायला जाणं हे आज जास्त अवघड आहे, आणि कोणी ते केलं नाही तर त्याला कान नाहीत असं म्हणायचा मला काहीच अधिकार नाही. सहा वेळा ऐकूनही आवडला नाही असंही होईल. माझ्या भावाला तो आजही आवडत नाही, आणि माझ्यापेक्षा त्याचे कान तयार आहेत.

तरी तुम्ही शेवटी विचारलंय, "मग मी तिसऱ्यांदा कसा ऐकू?", म्हणून सांगतो. सगळा ऐकू नका. रात्री घर झोपल्यावर, पंखा बंद करून (उन्हाळा सरेपर्यंत थांबलात तरी चालेल), फक्त पहिली तीन गाणी लावा. ती एकमेकांत न थांबता वाहतात, तेवीस-एक मिनिटांचा एकच तुकडा आहे तो. आवाज असा ठेवा की सुरुवातीची ट्रम्पेट जेमतेम ऐकू येईल. त्याहून वाढवू नका, नाहीतर 'डिझायर'ला तुमच्याकडेही कोणीतरी जिना चढून येईल. दुसऱ्या दिवशी उरलेली तीन. शेवटचं 'वेल्थ' संपताना ऑर्गनचा एक सूर विरत जातो आणि अधूनमधून पियानोची एखादी पट्टी पडते. तो सूर नक्की कुठे संपतो ते मला अजून एकदाही पकडता आलेलं नाही. तुम्हाला पकडता आलं तर इथेच खाली कळवा.